‘मनीबॉल’ पाहण्याआधी क्रिकेटवाल्यांनी करायची तयारी

2011 चा बेसबॉलवरचा सिनेमा ‘मनीबॉल’ पाहताना क्रिकेटचा प्रेक्षक हमखास एका जागी अडखळतो: चेंडूला बॅट न लावता पहिल्या बेसवर (धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरचा पहिला थांबा) चालत जाणारा खेळाडू इतका मोलाचा का? एवढं आधी उलगडून घ्या.

एका पाळीत तीन बाद. तीन स्ट्राइक (मुख्यतः बॅट फिरवून हुकलेले किंवा टप्प्यातले असून सोडलेले चेंडू) झाले की बॅटर बाद. पण पिचरचे (चेंडू फेकणाऱ्याचे) चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर, म्हणजे बॅटरच्या टप्प्याबाहेर, गेले आणि बॅटरने बॅट फिरवली नाही, तर पहिला बेस फुकट. हा ‘वॉक’. आता कागद घ्या. बॅटर 10 वेळा आला: 2 हिट (चेंडू मारून बेस गाठला), 2 वॉक, 6 वेळा बाद. बॅटिंग ॲव्हरेज काढताना वॉक धरत नाहीत, म्हणून 2 भागिले 8, म्हणजे .250. ऑन-बेस पर्सेंटेजमध्ये (बेसवर पोहोचण्याचं प्रमाण) धरतात: 4 भागिले 10, म्हणजे .400. पहिला आकडा बेताचा, दुसरा उत्तम. असे खेळाडू बाजारात स्वस्त होते, आणि सिनेमातल्या संघाने, ओकलंड ॲथलेटिक्सने, 2002 च्या हंगामासाठी तेच हेरले. (क्रिकेटची सरासरी डोक्यात ठेवलीत तर घोळ होणारच, इथे .300 ला शाबासकी मिळते.)

ओकलंडच्या सलग विसाव्या विजयाचा प्रसंग फिल्मी वाटेल, पण 11-0 ची आघाडी खरंच गेली होती आणि सामना 12-11 असा जिंकला.

यशाचं श्रेय मात्र सिनेमावरून वाटू नका. हडसन, मल्डर, झीटो हे संघाचे तगडे पिचर पडद्यावर जेमतेम दिसतात. झीटोला त्याच वर्षी अमेरिकन लीगचा साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम पिचरचा) मिळाला, संघातल्याच तेहादाला एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू).