‘बाय’ कुठे, ‘टिल’ कुठे: ‘पर्यंत’चा घोळ कसा सोडवायचा

इंग्रजीतला ‘बाय’ आपल्याला येतोच. दहा बाय बाराची खोली, सूप वन बाय टू, कुरिअर नको बाय हँड पाठव, हे बोलायला कोणी क्लास लावत नाही. (विकत घ्यायचा बाय आणि टाटा करतानाचा बाय वेगळे, त्यांची स्पेलिंगंच वेगळी, आणि कोकणात पोरीला मायेने बाय म्हणतात ती तर आपलीच.) गाडी अडते ती मेल लिहिताना. नेटवर शोधलं की ‘बाय म्हणजे ने, कडून, जवळ, पर्यंत’ अशी यादी पाठ करायला सांगतात. यादी पाठ करून कुणाचं इंग्रजी सुधारलेलं मी तरी बघितलं नाही. त्यापेक्षा आधी मराठी वाक्य मनात म्हणा आणि त्यात शेपूट कुठलं लागलंय ते बघा.

१. ‘ने’ किंवा ‘कडून’ असेल तर: करणारा माणूस असेल तर बाय, हातातली वस्तू असेल तर विथ. पाटलांनी पेनने सही केलेला कागद म्हणजे साइन्ड बाय पाटील, विथ अ पेन. वाहनाला बाय, पण मध्ये ‘माझ्या’ आलं की बाय चालत नाही, म्हणजे बाय कार पण इन माय कार, बाय बाइक पण ऑन माय बाइक. चालत गेलात तर ऑन फूट. ‘बाय वॉक’ नको, अख्खं ऑफिस म्हणत असलं तरी नको.

२. आकडा असेल तर: ‘ने’ला बाय, ‘वर’ला टू. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो रेट पाव टक्क्याने कमी केला, तो ६.२५ टक्क्यांवर आला. पाव टक्क्याला बाय, ६.२५ला टू. इथे मराठी आपल्या बाजूने आहे, पुढे चला.

३. ‘पर्यंत’ असेल तर: आता थांबा, चहा घ्या, सगळी गोची इथेच आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी परदेशातल्या क्लायंटला लिहिलं, ‘आय विल सेंड द फाइल्स टिल फ्रायडे’. माझ्या डोक्यात ‘शुक्रवारपर्यंत पाठवतो’, एकदम सरळ. त्याचं उत्तर आलं, की छान, म्हणजे आजपासून रोज पाठवणार ना, आणि शुक्रवारनंतर काय? मला वाटलं हा माणूस मुद्दाम खुसपट काढतोय. नव्हता काढत. टिल म्हणजे ते काम तोवर चालूच राहणार, बाय म्हणजे ते काम तोवर एकदा उरकणार, आणि आपलं ‘पर्यंत’ दोन्ही ओझी बिनतक्रार उचलतं म्हणून आपल्याला फरक ऐकूच येत नाही.

त्यानंतर मी एक युक्ती धरली ती आजतागायत चालतेय. ‘पर्यंत’ काढायचं आणि ‘च्या आत’ घालून वाक्य मोठ्याने म्हणायचं. ‘सोमवारच्या आत पैसे भरतो’, जमलं, म्हणजे बाय मंडे. ‘सोमवारच्या आत पुण्यात राहतो’, कानाला खटकलं, म्हणजे टिल मंडे. फक्त एक लक्षात ठेवा, ही नुसती तपासणी आहे, भाषांतर नाही, तेव्हा ‘विदिन मंडे’ लिहून मोकळे होऊ नका. आणि बाय मंडेमध्ये सोमवार धरलेला असतो, सोमवारी भरलेत तरी तुम्ही वेळेतच.

‘येईपर्यंत’लाही हेच लावा. ‘तो येईपर्यंत थांब’ला टिल ही कम्स. ‘तो येईपर्यंत माझं जेवण झालेलं असेल’ला बाय द टाइम ही कम्स. सगळ्यात वाईट म्हणजे नकार. ‘काम शुक्रवारपर्यंत होणार नाही’ हे ‘वोंट बी डन बाय फ्रायडे’ लिहिलंत तर समोरचा समजतो शुक्रवार हुकला, पुढे कधी ते माहीत नाही. ‘वोंट बी डन टिल फ्रायडे’ लिहिलंत तर तो शुक्रवारी काम हातात येणार म्हणून वाट बघत बसतो. एका शब्दावरून असा अख्खा वीकेंड गेलेला मी बघितलाय, त्यामुळे नकार असेल तर मी सरळ ‘इट विल बी रेडी ऑन मंडे’ लिहितो आणि भानगडच ठेवत नाही.

आणि जागेचं ‘पर्यंत’ वेगळं. स्टेशनपर्यंत सोडतो, याला टिल स्टेशन नाही, बायही नाही, नुसतं टू द स्टेशन.

४. ‘शेजारी’, ‘जवळ’ असेल तर: बाय द विंडो, बाय द रिव्हर. झालं. (सोसायटीच्या बायलॉजमधला बाय मात्र यातला नाही, तो बहुतेक गाव या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दातून आलाय, इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या शेवटी तोच बसलाय.)

५. मेल पाठवायच्या आधी कंट्रोल एफ दाबून ‘टिल’ शोधा आणि प्रत्येकाला ‘च्या आत’ लावून बघा. बाय फ्रायडे लिहिलंत तर पुढे वेळ आणि आयएसटीही टाका, कारण अमेरिकेतल्या क्लायंटचा शुक्रवार संपतो तेव्हा आपल्याकडे शनिवार उजाडलेला असतो.