छापील पुस्तक वाचता न येणाऱ्या सभासदांसाठी वाचनसेवा कशी उभी करावी

ही सेवा फक्त अंध सभासदांची नव्हे. अल्पदृष्टी असलेले, डिस्लेक्सियामुळे अक्षरांत अडखळणारे, हातात बळ नसल्याने पुस्तक धरता किंवा पान उलटता न येणारे, असे सगळे तिचे वाचक आहेत. २०१३ साली झालेला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू असलेला मराकेश हा आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करार या सर्वांना लाभार्थी मानतो. करार स्वीकारलेल्या देशांत अधिकृत संस्थांना, म्हणजे पात्र ठरणाऱ्या ग्रंथालयांनाही, प्रकाशकाची परवानगी न घेता सुलभ प्रत, म्हणजे अशा वाचकांना वाचता येईल अशा स्वरूपातली प्रत, तयार करता येते. बदल्यात काही जबाबदाऱ्या येतात. प्रत लाभार्थ्यालाच द्यायची, दिलेल्या प्रतींची नोंद ठेवायची आणि वाचकाची माहिती गुप्त राखायची. आपल्या देशाच्या कायद्यातलं कलम एकदा नीट वाचून ठेवा, कारण बारकावे देशागणिक बदलतात.

नावनोंदणी साधी ठेवा. करार वैद्यकीय दाखल्याची सक्ती करत नाही. वाचक लाभार्थी आहे हे कसं ठरवायचं, याची पद्धत संस्थेनेच घालून घ्यायची असते. कायदा आड येत नसेल तर स्वयंघोषणा पुरेशी धरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. कागदपत्रांच्या चौकशीत अनेक जण दारातूनच परत जातात. अर्जावर आजाराचं नाव नको, वाचण्याची पद्धत हवी: ऐकून वाचता, मोठ्या अक्षरात की ब्रेलमध्ये? फोनवर, संगणकावर की डेझी प्लेअरवर (प्रकरणांवर उड्या मारता येणारी बोलकी पुस्तकं वाजवणारं उपकरण)? या उत्तरांवर पुढचं सगळं काम ठरतं.

मागणी आली की आधी शोधा, मग तयार करा. पुस्तक ईपब (ई-पुस्तकाचा प्रचलित फाइलप्रकार), ऑडिओ किंवा डेझी स्वरूपात आधीच मिळत असेल तर तुमचे कित्येक दिवस वाचतील. बुकशेअर हे ऑनलाइन ग्रंथालय आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या छत्राखालचं ॲक्सेसिबल बुक्स कन्सॉर्शियम ही दोन ठिकाणं आधी पाहावीत.

फाइल तयार करताना

खरी मेहनत इथे आहे. प्रकाशकाने पीडीएफ दिली म्हणून हुरळून जाऊ नका; आधी त्यातली दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये डकवा. देवनागरी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात आहे. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर तो जुन्या फाँटमधला आहे. कृतिदेव या अशाच जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द स्क्रीन रीडरसाठी (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) ‘ई-जे-के-बी-एच’ असतो. डोळ्यांना सुबक दिसणारं पान कानांना निरर्थक होतं. अशी फाइल फाँट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार व ऱ्हस्व वेलांटी तपासा. बहुतेक घोळ तिथेच होतात. नोटपॅडमध्ये काहीच डकवलं गेलं नाही, तर पीडीएफ म्हणजे नुसती पानांची चित्रं आहेत. तिला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, लागेल.

छापील पुस्तक स्कॅन करताना ३०० डीपीआय, ग्रेस्केल ठेवा. अक्षर बारीक असेल तर ४००. बांधणीजवळ पान वाकलं की शिरोरेषाही वाकते आणि ओसीआर ओळीच्या टोकाचे शब्द चुकवतो, म्हणून पान सपाट दाबा. टेसरॅक्ट या मोफत ओसीआरमध्ये भाषा मराठीच निवडा. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘ख’चा ‘रव’ होणं आणि अनुस्वार गळणं या नेहमीच्या चुका. ओळीअखेर तुटलेले शब्द जोडा. पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव काढून टाका, नाहीतर ते ऐन वाक्याच्या मध्ये ऐकू येत राहतं. शेवटचं मुद्रितशोधन एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरकडून वाचून घेत, कानांनी करा. डोळा चुकलेला शब्द सवयीने बरोबर वाचतो, कान तसं करत नाही.

मग वर्डमध्ये प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग १’, उपशीर्षकांना ‘हेडिंग २’ ही शैली द्या. अक्षर नुसतं ठळक आणि मोठं केलं तर वाचकाला ते शीर्षक आहे हे कळतच नाही. शैली दिली की स्क्रीन रीडर चालू असताना ‘एच’ दाबून तो थेट पुढच्या प्रकरणावर जातो. न दिल्यास तीनशे पानांचं पुस्तक एक सलग सुतळी होऊन बसतं. दस्तऐवजाची भाषा मराठी ठेवा, नाहीतर भलताच आवाज वाचू लागेल. चित्राला एक-दोन वाक्यांचं वर्णन द्या. डेझी कन्सॉर्शियमच्या मोफत ‘वर्ड-टू-ईपब’ने ईपब बनवा आणि ‘एस’ (Ace) या सुलभता तपासणाऱ्या साधनातून काढा. चित्राला वर्णन आहे का, हे ते सांगतं. वर्णन अर्थपूर्ण आहे का, हे माणसानेच पाहायचं. शेवटी थोरियम रीडर या ईपब वाचण्याच्या ॲपमध्ये उघडून अनुक्रमणिकेतून दोन-तीन प्रकरणांवर उडी मारून बघा.

ध्वनिमुद्रण, मोठं अक्षर, ब्रेल

स्वयंसेवकाने मुखपृष्ठ, मलपृष्ठ, तळटीपा सगळं वाचायचं. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘फ’, ‘भ’ फुटत नाहीत. प्रकरणागणिक वेगळी फाइल करा आणि क्रमांक ००१ पासून द्या. १, २, १० असे दिले तर काही प्लेअर १ नंतर १० वाजवतात. अभिनयाचा मोह टाळा. बहुतेक वाचक वेग वाढवून ऐकतात, तेव्हा स्वच्छ, एकसारखा आवाजच टिकतो.

मोठ्या अक्षरासाठी फोटोकॉपी हा उपाय नाही. ए४ पान ए३ वर नेलं तरी १० पॉइंटचं अक्षर जेमतेम १४ होतं आणि कागद हातात मावेनासा होतो. युनिकोड फाइलच १८ पॉइंटमध्ये, दीडपट ओळअंतर ठेवून, डावीकडे जुळवून, चकाकी नसलेल्या कागदावर छापा. ब्रेल मागणी असेल तरच छापा, कारण एका पुस्तकाचे अनेक खंड होतात. ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ब्रेल टिंबांत उमटवणारं उपकरण) असलेल्या वाचकाला तोच ईपब चालतो.

वाचकाच्या हाती देताना

वाचनालयातल्या संगणकावर कंट्रोल-ऑल्ट-एन दाबताच एनव्हीडीए सुरू झाला पाहिजे. रोज रात्री मूळ स्थितीत जाणाऱ्या संगणकांवर त्याच्या सेटिंग पुसल्या जातात. संगणक ज्या साठवलेल्या मूळ प्रतीवरून रोज पूर्ववत होतो, तिच्यातच त्या बसवायला सांगा. डेझी पुस्तक पेन ड्राइव्हवर देताना अख्खं फोल्डर कॉपी करा. नुसत्या एमपी३ उचलल्या तर आवाज येतो, पण प्रकरणांवर उड्या मारता येत नाहीत, आणि दोष पुस्तकाचा समजला जातो. उसनं दिलेलं उपकरण परत आलं की आधीच्या वाचकाचं खातं व फाइली काढून, पूर्ण चार्ज करून मगच पुढे द्या.

देवघेव काउंटरवरच वाचकाला पहिलं प्रकरण उघडून, दुसऱ्यावर उडी मारायला सांगा. पुढे घरी आढळलेल्या चुका तो फोनवर कळवू शकेल, अशी सोय ठेवा. दुरुस्ती नेहमी मूळ वर्ड फाइलमध्ये करा, नवा ईपब काढा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. जुनी प्रत दिलेल्या सर्वांना नवी पाठवा. कोणाकडे कोणती आहे, ते नोंदवहीतून लगेच सापडेल.