मोबाइलमधला हवेचा दाब आणि ऑक्टोबरची कामं

परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नाही आणि जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्यात. रोज कुणीतरी विचारतं, "दादा, मोबाइल हवेचा दाब ९३५ दाखवतोय, वादळ येणार का?" घाबरू नका. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, जुन्नर त्याहून वर. जितकं उंच, तितकी डोक्यावरची हवा कमी. त्यामुळे पुण्यात ९५० हेक्टोपास्कलच्या (दाब मोजायचं एकक) आसपास आणि जुन्नरकडे त्याहून कमी दाब हा नेहमीचाच. बातम्यांतला हजारावरचा आकडा समुद्रसपाटीचा हिशेब धरून काढलेला असतो.

दुसरी गफलत होते दुपारी. आभाळ निरभ्र असलं तरी दाब दिवसात दोनदा चढतो-उतरतो: सकाळी आणि रात्री १० च्या सुमाराला जास्त, पहाटे आणि दुपारी ४ च्या सुमाराला कमी. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांनी ही उतरण पाहून अर्धओलं सोयाबीन घाईनं गंजीला लावून ताडपत्रीखाली झाकलं. पाऊस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी गंजीत हात घातला तर आत वाफ, शेंगांना कुबट वास. फार वाईट वाटलं.

म्हणून रोज सकाळी १० चाच आकडा, एकाच जागी उभं राहून, वहीत लिहा. तो सलग दोन-तीन दिवस उतरला आणि हवामान विभागाच्या मंगळवार-शुक्रवारच्या कृषी सल्ल्यातही कमी दाबाचं क्षेत्र आलं, तर कामाला लागा. तिथं चहूकडून हवा ओढली जाते, वर चढून गार होते, ढग धरतात.

छाटणीनंतर द्राक्षबाग तीन-चार पानांवर असेल तर डावणीला (ओल्या हवेत पसरणाऱ्या बुरशीच्या रोगाला) जपा. फेलफुटी (नको असलेल्या जादा फुटी) काढा, वेलीत हवा खेळू द्या. बुरशीनाशक पावसाआधी, कोरड्या पानांवर, वारा पडलेला असताना मारा. कांद्याचं रोप गादीवाफ्यावरच (उंच वाफ्यावर) टाका. पाणी साचलं की मर लागते.

दुपारनंतरचा गडगडाटी पाऊस मात्र या वहीत सापडणार नाही. तो तापलेल्या जमिनीवर तासा-दोन तासांत उभा राहतो. ढगातला गार वारा खाली आला की दाब उलट जरा चढतो. त्यासाठी पुण्यातल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये ठेवा. ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत वर निघाला की झाडाखालची जनावरं सोडून गोठ्यात न्या आणि तुम्हीही पक्क्या घरात या.