मुक्त ग्राफिक्स प्रकल्पाचा प्रचार करताय? या चुका टाळा

‘फोटोशॉपला फुकट पर्याय’ असं पोस्टरवर छापायची ज्याला हौस आहे, त्याने आधी एक दिवस फ्लेक्सच्या दुकानात बसावं. गिम्प या मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, फोटो-संपादन सॉफ्टवेअरच्या २.१० आवृत्तीच्या काळात आमच्याकडच्या काही उत्साही पोरांनी याच मथळ्याची कार्यशाळा ठेवली. पहिल्याच रांगेत एक फ्लेक्सवाले काका. त्यांनी पेनड्राइव्हमधली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, उघडायला लावली आणि विचारलं, "यातले ॲडजस्टमेंट लेयर कुठं गेले? आणि फाइल सीएमवायकेत कशी करायची?" ॲडजस्टमेंट लेयर म्हणजे मूळ चित्र न बदलता रंग-उजेड सुधारणारा वरचा थर, आणि सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत. पोरं एकमेकांची तोंडं बघत बसली. काका चहा पिऊन गेले आणि ‘त्यात काही दम नाही’ असं गावभर सांगत सुटले. मूळ चित्राला धक्का न लावता फिल्टर लावायची सोय गिम्पमध्ये आली ती ३.० मध्ये, २०२५ साली. तोवर तरी लोगो, फोटोची डागडुजी, वेबसाठीची चित्रं एवढंच दाखवायचं होतं की! क्रिटा या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरने हे शहाणपण वेळेत दाखवलं. सगळ्यांसाठी सगळं करायचा नाद सोडून ‘चित्र काढणाऱ्यांचं साधन’ हीच ओळख धरली, आणि २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर लोकांनी त्यासाठी पैसेही दिले.

मराठी पोस्टरवर वेलांटी भलत्याच जागी उडालेला स्क्रीनशॉट लावू नका. स्क्रायबस या पानं मांडायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळायला लागली ती १.५.३ पासून, तेव्हा आधी आवृत्ती बघा.

रिलीजची तारीख आधी जाहीर करू नका. इंकस्केप हे रेखाचित्रांचं सॉफ्टवेअर २००३ साली सोडिपोडी या जुन्या प्रकल्पातून फुटून निघालं, त्याची १.० आवृत्ती आली २०२० मध्ये. फुकट राबणाऱ्यांना डेडलाइन लावायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

नवशिक्यांची घाई हा माझ्या डोक्याला कायमचा ताप. आल्या आल्या "इंटरफेस नव्याने लिहूया" म्हणणाऱ्याला मी एखादा जुना बग (सॉफ्टवेअरमधली चूक) देते आणि आपल्या मशीनवर तो घडवून दाखवायला सांगते. निम्मे तिथेच गायब होतात. उरतात त्यांचा पॅच, म्हणजे त्यांनी पाठवलेली कोडमधली दुरुस्ती, मात्र लटकवून ठेवायचा नाही. "पाहिला, रविवारी तपासते" एवढी ओळ तरी लगेच टाकायची. उत्तरच आलं नाही तर चांगला माणूस भांडत बसत नाही, दुसरा प्रकल्प धरतो.

आणि दोघातिघांनी फोनवर काही ठरवलं असेल, तर बदल मूळ कोडमध्ये मर्ज करण्याआधी ते बग ट्रॅकरवर, म्हणजे चुकांच्या सार्वजनिक नोंदवहीत, लिहा.