जुन्या कॅसिनो चिपचं वय कसं काढायचं?

मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले काका-मामा ठाण्या-वाशीत बऱ्याच घरांत असतात. त्यांच्या पेटीतून कधीतरी कॅसिनोची चिप (जुगारात पैशांऐवजी वापरायची गोल चकती) निघते, पण ती कधीची हे कुणालाच सांगता येत नाही.

१. अक्षरं पुसट असतील तर खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च चिपला जवळजवळ आडवा धरा आणि फोटो काढा. दबलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात.

२. कॅसिनो कधी उघडला, कधी बंद झाला ते शोधा. लास व्हेगासचा सँड्स १९५२ ते १९९६, ड्यून्स १९५५ ते १९९३. अमेरिकेतल्याच अटलांटिक सिटीच्या कायदेशीर कॅसिनोची चिप १९७८ च्या आधीची नसतेच, कारण तिथला पहिला कायदेशीर कॅसिनो त्या वर्षी सुरू झाला.

३. कडेची नक्षी बघा. उंच हॅट आणि काठी ही चिप बनवणाऱ्या पॉलसनची खूण, आणि ती कंपनीच मुळी १९६३ ची. अशी चिप दाखवून कुणी ‘पन्नास सालची’ म्हणाला, तर भाव करत बसू नका.

चिप थिनरने किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसू नका. सोनेरी छाप निघून जाते.