नववीच्या वर्गासोबत शाळकरी प्रेमाचा चित्रपट कसा पाहावा

शाळकरी वयाच्या मुलामुलींवरचा चित्रपट दाखवून झाल्यावर ‘यातून काय बोध घेतला?’ असे विचारण्याची पद्धत मी सोडून दिली आहे, कारण त्यावर मुले शिक्षकांना हवे असलेलेच उत्तर देतात. सांगलीजवळच्या आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला मी आधी नोंदी करायला लावते आणि मत नंतर विचारते.

निवड करताना चित्रपटाचे प्रमाणपत्र पाहावे. २०२४ पासून ‘यूए’ (लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावे) या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन वयोगट झाले आहेत. जुन्या चित्रपटांवर मात्र नुसतेच ‘यूए’ असते, म्हणून ते शिक्षकाने आधी स्वतः पूर्ण पाहावेत. वर्गात सगळा चित्रपट दाखवण्याची गरज नसते. मुलगा मुलीला पहिल्यांदा पाहतो, तो सात-आठ मिनिटांचा भाग पुरेसा होतो.

हा भाग प्रथम आवाज बंद करून दाखवावा. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून एका बाजूला ‘कोण पाहते’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कोणाला पाहिले जाते’ असे लिहायला सांगावे व दृश्य बदलले की खूण करायला लावावी. मुलगी केस, ओढणी, पैंजण अशी तुकड्यातुकड्यांनी दिसते आणि मुलाचा मात्र पूर्ण चेहरा दिसतो, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते. सायकलवरून मुलीच्या मागे जाणारा नायक गाण्याविना कसा दिसतो, हेही तेव्हाच कळते. आमच्या वर्गात असा प्रसंग संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, असं कोणी मागं लागलं की आम्ही लांबच्या रस्त्यानं घरी जातो.” त्या दिवशी पुढचा अर्धा तास मी चित्रपट लावलाच नाही. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिचा वारंवार पाठलाग करणे हा २०१३ पासून कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो, ही माहिती अशा वेळीच द्यावी. ती मुलांच्या मनात राहते.

दुसऱ्यांदा आवाजासह पाहताना अमेरिकी चित्रकथाकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या चित्रकथेतून रूढ झालेली कसोटी वापरावी: दोन स्त्रिया एकमेकींशी पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाविषयी बोलतात का? नायिकेची मैत्रीण बहुधा चिठ्ठी पोहोचवण्यापुरतीच असते. मुलग्यांसाठी मी त्यात माझा एक प्रश्न जोडते, कारण मुलगा-मुलगी कसे असावेत याच्या ठरीव साच्याचा काच त्यांनाही होतो: मुलगा भीती वाटल्याचे कबूल करतो का, आणि केले तर त्याचे मित्र त्याला काय म्हणतात? अभ्यासू मुलगा हमखास चेष्टेचा विषय असतो आणि मारामारी करणारा नायक ठरतो, हे ऐकताना आमच्या वर्गातले काही शांत मुलगे पहिल्यांदा बोलते झाले.

साचा मोडणारे उदाहरणही सोबत ठेवावे. ‘सैराट’ (२०१६) मधील आर्ची बुलेट आणि ट्रॅक्टर चालवते, नायकाकडे स्वतः रोखून पाहते, आणि आमच्या ऊसपट्ट्यातल्या मुलींना ती आपली वाटते. पण त्याच चित्रपटात पुढे परक्या शहरात परशा संशयावरून तिच्यावर हात उचलतो, हा भाग वगळून चर्चा करू नये.

शेवटी तोच पहिला प्रसंग मुलीच्या बाजूने लिहायला सांगावा. मुलग्यांनाही हे लिहायला लावावे, आणि वह्यांवर गुण देऊ नयेत. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने लिहिलेल्या पानात नायिकेला नायक दिसतच नाही. ती थांब्यावर भिजत उभी राहून संध्याकाळची एसटी निघून तर गेली नाही ना, एवढेच शेजारच्या आजींना विचारत असते.