क्लबतर्फे मुलांना परदेशी पाठवायचंय? तयारी अशी करा

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबच्या बैठकीत युवा प्रवासाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "पैसे कुठून आणायचे?" माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला असा, की मूल तिकडे कोणाच्या घरी राहणार आणि रात्री-अपरात्री अडचण आली तर फोन कोणाला करणार? याचं उत्तर तयार असेल तर देणगी मागताना जीभ अडखळत नाही.

१. प्रवासाचा प्रकार ठरवा

रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात साधारण १५ ते १९ वर्षांची मुलं जातात. दीर्घ मुदतीत ती जवळपास एक शैक्षणिक वर्ष यजमान देशातल्या शाळेत शिकतात, तर अल्प मुदतीचा मुक्काम काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत असतो. लायन्सच्या युवा शिबिरांत वेगवेगळ्या देशांची मुलं एकत्र राहतात. क्लबची पहिलीच वेळ असेल तर अल्प मुदतीचा कार्यक्रम घ्या. मात्र हे सगळं क्लबने एकट्याने ठरवून चालत नाही. रोटरीत या कार्यक्रमासाठी डिस्ट्रिक्टला, म्हणजे परिसरातल्या अनेक रोटरी क्लबांच्या गटाला, मान्यता असावी लागते, म्हणून आधी तिथल्या समितीशी बोला.

२. यजमान घरं आधी शोधा

बहुतेक विनिमय दुहेरी असतात. आपलं मूल तिकडे जातं, तिकडचं आपल्याकडे येतं. त्यामुळे आपल्या बाजूची घरं पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची पार्श्वभूमी तपासा, घर प्रत्यक्ष बघा, मुक्काम सुरू झाल्यावर एकदा न सांगताही जाऊन या. ओळखीचं घर आहे म्हणून तपासणी टाळायचा मोह फार होतो, पण तिथे मुळीच ढिलाई नको. मुलासाठी एक समुपदेशक नेमा आणि तो यजमान कुटुंबातला नसावा, म्हणजे घराबद्दलची तक्रार घराबाहेरच्या माणसाला सांगता येते. दीर्घ मुक्कामात एकाहून जास्त कुटुंबं ठेवा. एकाच घरावर भार पडत नाही आणि मुलालाही त्या समाजाची वेगवेगळी घरं कळतात.

३. खर्च मांडा

रोटरीच्या पद्धतीत राहणं-जेवण यजमानांकडे असतं. विमानाचं तिकीट, विमा, पासपोर्ट, व्हिसा आणि हातखर्च सहसा मुलाच्या घरच्यांकडे. म्हणजे ज्या घराला हा खर्च झेपत नाही, तिथलं हुशार, धीट मूल अर्जच करत नाही. क्लबचा निधी सर्वांत आधी त्या मुलासाठी असावा, असं मला मनापासून वाटतं. अचानक परतावं लागलं तर लागणारी रक्कम वेगळी काढा आणि तिला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नका.

४. निधी उभारा

"युवा विकासासाठी मदत करा" म्हटलं की लोक मान डोलावतात आणि निघून जातात. त्याऐवजी "एका मुलीच्या विम्याचा खर्च उचलाल का?" असं विचारा. कार्यक्रम ठरवताना किती गोळा होईल यापेक्षा हातात किती उरेल ते बघा. संगीतसंध्येचे शंभर रुपये जमले आणि सभागृह, ध्वनिव्यवस्था, छपाई यांत साठ गेले, तर माणसं दमली आणि निधी चाळीसच. जुन्या पुस्तकांची विक्री, गाड्या धुणं, प्रायोजित पदयात्रा यांत भांडवल कमी लागतं. जाणाऱ्या मुलांनीही तिथे राबावं.

लोकांचे पैसे आणि क्लबचे पैसे कधीही एकत्र करू नका. लायन्सचा नियम इथे अगदी स्पष्ट आहे: जनतेकडून जमवलेला निधी जनतेच्याच कामी लागतो, क्लबचा कारभार सभासदांच्या वर्गणीवर चालतो. दोन स्वतंत्र खाती, प्रत्येक रकमेला पावती आणि दोघांच्या सह्या एवढं तरी हवंच.

५. निवड आणि पूर्वतयारी

गुणपत्रिकेपेक्षा मुलाखतीवर भर द्या. घरची आठवण आली तर काय करशील, एखादं जेवण आवडलं नाही तर कसं सांगशील, असं विचारा. सभासदांच्या मुलांना झुकतं माप नको. निघण्याआधी पालकांसह बसून नियम समजावा आणि नको असलेल्या वागणुकीला ठामपणे नाही म्हणायचा सराव करून घ्या.

६. परतल्यावर

महिन्याभरात देणगीदारांना बोलवा. हिशेबाचा कागद प्रत्येकाच्या हातात द्या आणि मग मुलाला बोलू द्या. पुढच्या वर्षी जाणारी मुलं पहिल्या रांगेत बसवा, कारण त्यांच्या मनातले खरे प्रश्न तेव्हाच बाहेर येतात.